डीजेचा बास मीटरमध्ये का दिसत नाही?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मिरवणुकीतल्या आवाजावर पत्रं खूप येतात, पण एक मुद्दा त्यात राहून जातो म्हणून लिहितोय. आमच्या नौपाड्यात गल्ल्या अरुंद, डीजे आला की खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची ताटं वाजायला लागतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बसतात, आणि मोजायला आलेला माणूस मीटर बघून म्हणतो एवढा काही जास्त नाहीये. तो खोटं बोलत नसतो. मीटर डीबी-ए वर असतो (डेसिबलचं असं माप, ज्यात खर्ज म्हणजे बास कमी धरला जातो) आणि २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियमही डीबी-ए मध्येच आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५.

आता इंजिनिअरिंगच्या पोरांना माहीत असलेला पार्सेवलचा सिद्धांत बघा, मूळ कल्पना १७९९ ची. आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या, प्रत्येक सॅम्पलचा (म्हणजे त्या त्या क्षणी नोंदलेल्या आकड्याचा) वर्ग करून बेरीज करा. मग त्याचाच एफएफटी काढा, म्हणजे आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत सुटा करा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या मॅग्निट्यूडचा वर्ग करून बेरीज करा आणि सॅम्पलच्या संख्येने भागा (हे भागायचं बरेच जण विसरतात). दोन्ही उत्तरं सेम येतात! एनर्जी वेळेत मोजा नाहीतर फ्रिक्वेन्सीत, एकूण तेवढीच, फक्त दुसऱ्या पद्धतीत कळतं की ती कुठल्या पट्ट्यात किती आहे, आणि डीजेची भरपूर एनर्जी असते शंभर हर्ट्झच्या खाली.

आणि नेमकं तिथेच डीबी-ए मधला ए फिल्टर कात्री लावतो. ६३ हर्ट्झला तो २६ डेसिबल कापतो, म्हणजे एनर्जीचा साधारण चारशेवा भागच मोजणीत येतो. बाकीची हवेत आहेच, काचेवर आणि छातीवर आदळतेच आहे. मुळात आवाज हळू असेल तर कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यावरून हा फिल्टर बनलाय, डीजेइतक्या मोठ्या आवाजाला कान तसा वागत नाही, मग तिथे एकट्या डीबी-ए वर विसंबणं मला तरी चूक वाटतं.

मोजणीची दुसरी पद्धत आहे सी वेटिंग, तिच्यात ६३ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा कापला जात नाही. बऱ्याच मीटरमध्ये ए आणि सी दोन्ही असतात, बटण बदलायचा प्रश्न आहे. म्हणून माझी मागणी एवढीच की पंचनाम्यात दोन्ही रीडिंग लिहा, जमल्यास ऑक्टेव्ह बँडप्रमाणे (फ्रिक्वेन्सीच्या एकेका पट्ट्याचे) आकडेही द्या, आणि सी चा आकडा ए पेक्षा पंधरा-वीस डेसिबलने जास्त निघाला, म्हणजे खर्ज भरपूर असला, तर तक्रारदाराला 'आवाज मर्यादेत आहे' असं सांगून परत पाठवू नका.

एक वाचक, नौपाडा, ठाणे