पाडलेला घरी बसतो कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पुढच्या निवडणुकीत कोणत्या नेत्याला घरी बसवायला आवडेल?’ असा प्रश्न आपल्या दैनिकाने वाचकांना विचारला आहे. आलेली उत्तरं वाचतोय. नावं तीच ती, रागही तोच. फक्त एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरलेली दिसते, की घरी बसवणं आपल्या हातात आहे. माझी शंका तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

मी रिसोडला फ्लेक्स छापतो. वडिलांची ट्रेडल मशीन होती, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची. धंदा माझ्या हातात आला तोवर कागद मागे पडून फ्लेक्स आलं होतं. सगळ्या पक्षांचे बॅनर आमच्याकडे एकाच मशीनवर निघतात, त्यामुळे मला कोणाचा कार्यकर्ता समजू नये.

नेता लोकांच्या मनातून उतरला की ते एक्झिट पोलवाल्यांच्या आधी माझ्या कॉम्प्युटरवर दिसतं. फ्लेक्सवरच्या फोटोंची एक उतरंड असते. वरच्या पट्टीत दिल्लीचे, त्यांच्या शेजारी मुंबईचे, उजव्या हाताला हात जोडलेला मोठा कटआउट आपल्या भागाच्या नेत्याचा आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. वारं फिरलं की नेहमीचंच गिऱ्हाईक येतं, खुर्ची माझ्याजवळ ओढतं आणि आवाज खाली करून म्हणतं, “भाऊ, साहेबांचा फोटो थोडा बारीक घे ना.” पुढच्या वाढदिवसाला साहेब पासपोर्ट साइज होऊन वरच्या पट्टीत जातात. त्याच्या पुढच्या वेळी तेवढीही जागा मिळत नाही. “कोणी विचारलं तर डिझाइनवाल्याची चूक झाली म्हणून सांग,” असंही मला बजावून ठेवतात. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत ही कामं भरपूर केली. विधानसभेच्या वेळी तर सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत बोली त्याच्या खाली, अशा दिवसांत कोणाचाच फोटो मोठा करायची कोणाला इच्छा होईना.

तेव्हा लोकांना कोण नको आहे, हे ओळखायला अवघड नाही. नको झालेल्याचं पुढे काय होतं, ते बघा.

आमच्याच मतदारसंघापासून सुरुवात करतो. भावनाताई गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार होत्या. २०२४ ला लोकसभेचं तिकीट त्यांच्याच पक्षाने कापलं. जुलैमध्ये त्या विधान परिषदेवर गेल्या. नोव्हेंबरमध्ये रिसोडमधून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि आम्ही त्यांना पाडलं, काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. आता हिशोब करा. विधानसभेची मुदत पाच वर्षांची, परिषदेची सहा. ज्यांना आम्ही निवडून दिलं त्यांची मुदत २०२९ ला संपेल आणि ज्यांना पाडलं त्यांची २०३० च्या जुलैपर्यंत चालेल! ताईंवर माझा व्यक्तिगत काही राग नाही, त्यांच्या कार्यकर्त्यांची कामंही मी केलेली आहेत. त्यांनी कायदा मोडलेला नाही. कायद्यातच ही गंमत आहे.

वरळीतही तेच. मिलिंद देवरा २०१४ आणि २०१९ ला दक्षिण मुंबईतून लोकसभेला पडले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले, नोव्हेंबरमध्ये वरळीत आदित्य ठाकरेंविरुद्ध उभे राहून पडले, आणि राज्यसभेची जागा होती तिथेच राहिली. ही निवडणूक म्हणजे विमा काढून खेळलेला जुगार झाला. जिंकलं तर एक खुर्ची सोडून दुसरीवर बसायचं, हरलं तर पहिली आहेच. समोरचा उमेदवार मात्र सगळं पणाला लावून उभा असतो, आणि आम्ही मतदार उन्हात रांग लावून बोटाला शाई लावून घेतो.

ज्या निवडणुकीत भावनाताई परिषदेवर गेल्या ती १२ जुलै २०२४ ची. अकरा जागा, मतदार फक्त आमदार. भाजपने पाच जण उभे केले. पंकजा मुंडे २०१९ ला परळीत पडल्या होत्या आणि ४ जून २०२४ ला बीडमध्ये लोकसभेला ६,५५३ मतांनी. परिणय फुके साकोलीत पडलेले, योगेश टिळेकर हडपसरला पडलेले, सदाभाऊ खोत २०१४ ला माढ्यात पडलेले. पाचांतल्या चौघांना कधी ना कधी मतदारांनी नाही म्हटलेलं होतं. पाचही निवडून आले. बीडच्या निकालानंतर सव्वा महिन्यात पंकजाताई आमदार झाल्या आणि डिसेंबरमध्ये मंत्री. बारामतीत सुनेत्रा पवार ४ जूनला पडल्या, त्या राज्यसभेवर बिनविरोध जायला तर तो जून महिनाही संपावा लागला नाही.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या आधी थोडं थांबावं. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे चेंबूरला विधानसभेला पडले, २०२२ ला तर परिषदेच्या निवडणुकीतही पडले, आणि २०२४ ला राज्यसभेवर गेले. भाई जगताप २०१९ ला कुलाब्यात पडले, २०२२ ला परिषदेवर पुन्हा आले. सचिन अहिर २०१४ ला वरळीत राष्ट्रवादीकडून पडले, २०२२ ला शिवसेनेकडून परिषदेत बसले. एकमेकांचे फ्लेक्स फाडणारे पक्ष या एका बाबतीत मात्र एकमताने वागतात.

आमच्या दुकानात हा विषय निघाला की कोणी तरी राणेसाहेबांचं नाव काढतोच. २०१४ ला कुडाळला पडले, २०१५ ला वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत पडले. २०१६ ला काँग्रेसने परिषदेवर घेतलं, २०१८ ला भाजपने राज्यसभेवर पाठवलं, २०२१ ला केंद्रात मंत्री केलं. शेवटी २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिलं. “बघ, लोकांचं मत बदलतं,” असं मला सांगतात. बदलतं ना. बदललं तेव्हा लोकांनी मतदान यंत्रात सांगितलं, आमची काहीच हरकत नाही. मधली वर्षं ते कोणाच्या मताने होते, एवढंच आम्ही विचारतो.

ही वाट आजकालची नाही. १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्यात मोरारजी देसाई विधानसभेला १९ मतांनी पडले. आणि तेच मुख्यमंत्री झाले! पोटनिवडणूक लढवून सभागृहात आले खरे, पण क्रम उलटा होता, आधी खुर्ची आणि मग मत. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्याच खुर्चीवरून काय काय झालं, हे जुन्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

त्याच १९५२ मध्ये आणि त्याच मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेला पडले. काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. बाबासाहेब राज्यसभेवर गेले, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली आणि तिथेही पडले. म्हणजे पडलेला प्रत्येक माणूस नालायक असतो असं नाही, आणि मतदार दर वेळी शहाणाच असतो असंही नाही. राज्यसभा नसती तर ज्यांनी घटना लिहिली त्यांना संसदेबाहेर बसावं लागलं असतं. हा मुद्दा खोडता येत नाही, मी खोडतही नाही. पण त्या एका नावाच्या आडोशाला किती जणांनी उभं राहायचं? मागच्या दाराने आलेल्या आजच्या मंडळींनी सभागृहात काय काय मांडलं, ते काढून बघावं.

राज्यपालांच्या बारा जागांचा तर विषयच वेगळा. परिषदेत एकूण ७८ जागा. तीस आमदार निवडतात, बावीस स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या आणि बारा राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी त्या बारा, असं घटनेच्या १७१ व्या कलमात लिहिलंय. २०२० ला महाविकास आघाडीने दिलेल्या यादीत राजू शेट्टी आणि उर्मिला मातोंडकर ही नावं होती, दोघंही २०१९ ला लोकसभेला पडलेले. ती यादी राजभवनात पडून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महायुतीने सात नावं आणली, त्यांत पंकज भुजबळ होते, २०१९ ला नांदगावला पडलेले. आमच्या वाशीम जिल्ह्यात चांगले कीर्तनकार आहेत, शाहीर आहेत, शेतीत प्रयोग करणारी माणसं आहेत. पडलेल्या उमेदवारांतून जागा उरली तर त्यांचा नंबर लागायचा.

आता काही वाचक म्हणतील, नोटा आहे ना. आहे. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा तिथल्या २,१८,६७४ मतदारांनी नोटा दाबली. भाजपचे उमेदवार आरामात निवडून आले. आपल्याकडे २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होती, कोणाचं काही बिघडलं नाही. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता एक बरा नियम केला, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. आमदार-खासदारांना तोही लागू नाही. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला मुदतीआधी परत बोलवायची सोय कायद्यातच आहे. त्या मतदानात दोनच निशाण्या असतात, ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’. आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. म्हणजे गावाच्या पातळीवर लोकांना विचारायचं, आणि वर गेलं की विचारायचं नाही.

मी मुदतीआधी कोणाला खाली खेचा असंही म्हणत नाही. माझं मागणं बारकं आहे. जो माणूस विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहून पडला, त्याला त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत परिषद, राज्यसभा, मंत्रिपद, महामंडळ यांतलं काही देऊ नये. आधीच परिषदेत किंवा राज्यसभेत असलेल्याने थेट निवडणूक लढवायची तर अर्ज भरतानाच ती जागा सोडावी. पोटनिवडणूक लागली तर खुशाल लढावी, लोकांपुढे जायला कोणाची ना आहे? आज घटनेत अशी आडकाठी कुठेच नाही. उलट कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिने मंत्री राहता येतं. ती सवलत ठेवा, फक्त पडलेल्याला देऊ नका. बाबासाहेबांसारखा माणूस यात अडकेल, ही भीती आहे. तसा माणूस पुन्हा उभा राहिला तर आपण सगळे मिळून मार्ग काढू. आज तरी रांगेत तसं कोणी दिसत नाही.

महामंडळाचं नाव मी उगाच घेतलं नाही. एका माजी लोकप्रतिनिधीची माझ्याकडे निवडणुकीची मोठी उधारी आहे. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. निकालानंतर पैसे मागायला गेलो तर त्यांचा माणूस म्हणाला, “भाऊ, पडलेल्या माणसाकडे काय मागतो? त्याच्या जिवावर बेतलंय.” मलाही कसंतरी वाटलं, परत आलो. काही दिवसांनी त्यांची एका महामंडळावर नेमणूक झाली. चौकात स्वागताचा वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला, ‘संघर्षाला न्याय मिळाला’. तो छापून आला होता अकोल्याहून. जवळ जाऊन पाहिलं, फोटो माझ्याच फाइलमधला होता, कानाजवळ कटिंग थोडं चुकलेलं, तसंच्या तसं.

निवडणुकीच्या काळात प्रचाराचं काहीही छापायचं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे मला छापून घेणाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं. त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात, छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव खाली टाकावं लागतं, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. पुढच्या वेळी त्या फॉर्मच्या शेजारी मी माझा एक कागद ठेवणार आहे. ‘मी पडलो तर या सभागृहाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही दाराने येणार नाही’, खाली उमेदवाराची सही आणि तारीख. कोर्टात त्या कागदाला काही किंमत नाही, हे मला कळतं. पण जो उमेदवार सही करील त्याला स्क्वेअर फुटामागे दोन रुपये सूट देईन, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. किती जणांनी सही केली ते आपल्याला कळवीन, आपण नावानिशी छापा. उधारी मात्र यापुढे सही करणाऱ्यालाही नाही.

आपला,
एक फ्लेक्सवाला
रिसोड, जि. वाशीम
(नाव आणि पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)