पहिलं पीठ कुणाच्या डब्यात घालत नाहीत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'लिहायला सुचत नाही' यावर जो लेख आला होता तो मी गिरणीत बसून दोनदा वाचला, एकदा दळण चालू असताना आणि एकदा लाईट गेल्यावर, आणि दोन्ही वेळेला डोकं फिरलं. रोज पहाटे पाचला उठा, हजार शब्द लिहा, सुचत नाही हे आळशी माणसाचं कारण आहे असं त्यात म्हटलंय. पहाटे पाचला आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं हो. बॅरल भरायचं का हजार शब्द भरायचे तेवढं पण सांगायला पाहिजे होतं.

वर उदाहरण कुणाचं, तर साने गुरुजींचं. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली, हे आपण शाळेपासून ऐकतोय आणि ते खरंच आहे. पण गुरुजींची आई गेली १९१७ ला. मधली पंधरा वर्षं कुणी मोजत नाही, सगळे पाच दिवसच मोजतात.

आता माझं सांगते. सांगलीत गावभागात आमची पिठाची गिरणी आहे. लग्नाआधीपासून मी कथा लिहायचे, तीन-चार दिवाळी अंकात आल्या पण. मग एका अंकवाल्यांनी एक कथा चौदा महिने ठेवून घेतली, हो नाही आणि नाही पण नाही, फोन केला की 'बघतो मॅडम', त्यातच निम्मी हिंमत गेली. तरी एक मोठं लिखाण चालू होतं, दोनशेपानी तीन वह्या भरत आलेल्या. आणि आला २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोका पातळी धरतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही गव्हाची पोती माळ्यावर चढवली, गिऱ्हाइकांचे डबे चढवले कारण ते लोकांचे, आणि वह्या राहिल्या खालच्या कपाटात. बोटीत बसल्यावर आठवलं. बोट काय वळवणार वहीसाठी, बोललेच नाही मी.

पाणी उतरल्यावर कपाट उघडेना, लाकूड फुगलेलं, मुलानं पहारीनं उचकटलं. वह्या विटेसारख्या झालेल्या, वरनं गाळ. आणि एक गंमत बघा, बॉलपेननं जे लिहिलं होतं ते जवळपास सगळं जसंच्या तसं होतं, पण शेवटची प्रकरणं मी मुद्दाम शाईपेननं, चांगल्या अक्षरात, मन लावून लिहिली होती, ती सगळी निळं पाणी होऊन पसरलेली. म्हणजे मागच्या पानावरची उधारी वाचली, कथेतली बाई गेली. एकेक पान सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं तर शेजारीण म्हणते, काय वहिनी, पापड घातले का? मी पण हसले. मग आत जाऊन रडले.

त्यानंतर चार वर्षं एक ओळ नाही. पण सुचत नव्हतं असं मी म्हणणार नाही, आणि इथंच त्या लेखाचं चुकतंय. पेन हातात घेतलं की ते बुडालेलं वाक्य आठवायचं, ते पण अर्धंच, आणि नवीन काहीही लिहिलं की वाटायचं, जुनं जास्त चांगलं होतं. मेलेली म्हैस मणभर दूध देते म्हणतात ना तसं. ती वाक्यं खरंच एवढी चांगली होती का, देव जाणे. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा वाचवायला वहीच नव्हती, त्याचं खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

त्यातनं बाहेर काढलं ते गटारीनं. २०२३ ला आमच्या गल्लीतली गटार तुंबली म्हणून तुमच्याकडे पत्र टाकलं, सव्वाशे शब्दांचं. तुम्ही छापलं, पण त्यातली दोन वाक्यं कापून. सकाळी पेपर उघडला आणि मला असला राग आला म्हणून सांगू, कारण त्यातलं एक वाक्य चांगलं होतं! दिवसभर दळता दळता तेच डोक्यात. संध्याकाळी लक्षात आलं, चार वर्षात पहिल्यांदाच वाक्यासाठी राग आलाय. मग लिहीतच गेले, एसटीच्या वेळापत्रकावर, शाळेच्या गणवेशावर, उपवासाची भाजणी दळताना लोक कशी भांडतात त्यावर (हे छापलं नाहीत). अकरा पत्रं झाली. पत्राला काम असतं, ते कुणाला लिहायचं माहीत असतं, आणि त्यात कुणी साहित्य शोधायला येत नाही.

गिरणीच्या दगडाला टाकी लावतात, माहिती असेल. दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता चेपतो, पीठ पडत नाही, मग टाकीनं परत खाचा पाडायच्या. पण टाकी लावली की लगेच कुणाचा गहू टाकत नाहीत, किलो दोन किलो हलकं धान्य आधी दळून काढतात, त्यात दगडाची कच येते, ते पीठ कुणाच्या डब्यात जात नाही. ती अकरा पत्रं माझं ते पीठ होतं. हजार शब्दवाले पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचा डबा लावायला सांगतात.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहायच्या, आणि घरच्यांपासून वीस वर्षं ते लपवून ठेवलं, तेव्हा कुठं त्यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मचरित्र लोकांसमोर आलं. तमिळचे लेखक पेरुमल मुरुगन, त्यांना एका कादंबरीवरनं इतका त्रास झाला की २०१५ च्या जानेवारीत फेसबुकवर 'लेखक मुरुगन मेला' असंच लिहिलं, २०१६ च्या जुलैत मद्रास हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि मग ते आले ते कविता घेऊन, कादंबरी घेऊन नाही. यांना कुणी आळशी म्हणणार का? आमचं सोडा, आम्ही कुठं लेखक. पण पुराचं नुकसान, घरातलं आजारपण, चौदा महिन्यांचं 'बघतो मॅडम', यातनं थांबलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यांना पहाटेचा गजर नको, परत हात बसवायला जागा पाहिजे.

म्हणून खरी विनंती ही की वाचकांची पत्रं आधी रोज असायची, आता आठवड्यातनं दोनदाच आणि ती पण जाहिरात आली तर गायब, ते परत रोज करा. आणि दिवाळी अंकवाल्यांनी नको असेल तर नको म्हणून एक मेसेज टाकावा, दोन शब्दांचा, चालतंय आम्हाला.

नवीन वही गेल्या महिन्यात घेतली. बॉलपेननं लिहितेय.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली

ता. क. पत्र लांबलंय, कापणार तर विचारून कापा. आणि ती गटार अजून तशीच आहे, २०२३ चं पत्र तुमच्याकडे असेल तर तेच परत छापलं तरी चालेल, तारीख बदलून. कापलेली दोन वाक्यं घालून.