अग्निशमन जवानांच्या आरोग्याचा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरील कापसाच्या गाठींना आग लागली आणि ती विझवण्याचे काम चालू असतानाच त्याच जहाजातील दारूगोळ्याचे प्रचंड स्फोट झाले. त्या दिवशी ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ हा सप्ताह असतो. पुण्यातही या काळात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, शाळांमधून आणि सोसायट्यांमधून प्रात्यक्षिके होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हे सारे व्हायलाच हवे. परंतु ज्यांना आपण मानवंदना देतो त्यांचा पगार, विमा, आजारपण आणि निवृत्तिवेतन यांबद्दल करदाते म्हणून आपण कधी प्रश्न विचारत नाही, ही गोष्ट मला गेले काही महिने स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या जानेवारीत आमच्या इमारतीत आग लागली. जुन्या पेठांमधल्या बहुतेक इमारतींप्रमाणे आमच्याकडेही वीजमीटर जिन्याखाली आहेत आणि त्यांना लागूनच दुचाकी उभ्या केलेल्या असतात. रात्री दोनच्या सुमारास मीटर पेटले, त्यांच्यापाठोपाठ दोन दुचाकी पेटल्या, आणि जळत्या वायरींचा काळा धूर जिन्याच्या पोकळीतून थेट वर चढू लागला. १०१ वर वर्दी दिल्यावर बंब गल्लीच्या तोंडाशी यायला फार वेळ लागला नाही. तिथून आमच्या दारापर्यंतचे साठ-सत्तर पावलांचे अंतर मात्र बंबाला पार करताच आले नाही, कारण गल्लीच्या दोन्ही बाजूंना चारचाकी लावलेल्या होत्या, आणि त्यांतली एक आमच्याच इमारतीतली होती. जवानांनी होज खांद्यावर घेऊन धावत आणला, आधी वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि मगच पाण्याचा मारा सुरू केला. त्या दोन-तीन मिनिटांत जमलेल्या गर्दीतून 'पाणी का मारत नाही' म्हणून आरडाओरडा चालला होता. वीज चालू असताना पाणी मारले तर ते मारणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते, हे त्या गर्दीत बहुधा कोणालाच ठाऊक नव्हते. अनेक जण मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतले होते.

तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य अडकले होते. दोन जवान पाठीवर श्वसनयंत्र बांधून वर गेले. थोड्या वेळाने जिन्यातून बारीक शिट्टी सतत वाजत असल्याचा आवाज आला. आम्हाला वाटले, वरून कोणी हाक देत असावे. नंतर कळले की सिलिंडरमधली हवा संपत आली की ती शिट्टी आपोआप वाजू लागते आणि ती वाजली की जवानाने बाहेर पडायचे असते. एका सिलिंडरमध्ये साधारण अर्धा-पाऊण तास पुरेल एवढी हवा असते असे म्हणतात, पण उष्णतेत, अंगावर जड पोशाख घालून, माणूस उचलून जिने उतरताना ती त्याच्या कितीतरी आधी संपते. शिट्टी वाजत असतानाच ते दोघे आजींना लाकडी खुर्चीत बसवून खाली घेऊन आले. आजोबा त्यांच्या आधारानेच पाठोपाठ उतरले. त्यांतला एक जवान सिलिंडर बदलून पुन्हा वर गेला आणि कोणी मागे राहिले नाही याची खात्री करून परतला, तेव्हा त्याच्या हातात आजींचा चष्मा आणि औषधांचा डबा होता.

पहाटे कूलिंगचे, म्हणजे विझलेली जागा पाण्याने थंड करण्याचे, काम संपल्यावर तो जवान आमच्या ओट्यावर बसला. वय पंचविशीच्या आतबाहेर. नाकपुड्या आणि मानेची घडी काजळीने काळी झालेली. मी पाणी दिले, चहा दिला, आणि सहज विचारले, 'नोकरीत किती वर्षे झाली?' तो म्हणाला, 'काकू, मी कंत्राटी आहे. कंत्राट वाढले तर पुढच्या वर्षी असेन.' इतक्या साधेपणाने त्याने ते सांगितले की मला पुढे काही विचारवेना.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ राज्यातल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे म्होरके, म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचा मुलगाही त्याच सेवेत आहे, पण तो २००५ नंतर लागला. काकांना जुन्या नियमाप्रमाणे शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावर महागाई भत्ता वाढत जातो, अर्थात ते प्रत्यक्ष सुरू होण्यासाठी त्यांना वर्षभराहून अधिक काळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरावे लागले. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी अंशदायी योजना आली आणि महापालिकांतही त्याच धर्तीची व्यवस्था झाली, त्यामुळे मुलाच्या पगारातून दरमहा कपात होते आणि निवृत्तीनंतर हाती काय पडेल याचा अंदाज तो देऊ शकत नाही. आमच्या ओट्यावर बसलेल्या त्या तरुणापुढे तर हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण त्याच्या सेवेची मोजदादच कुठे होत नाही. काम तिघांचेही एकच, धूरही तोच.

जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, तेव्हा या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. पुढे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळानेही लगोलग ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तिच्यात निश्चित निवृत्तिवेतनाची हमी आहे ही चांगलीच गोष्ट. मात्र मूळ वेतनाच्या पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी २५ वर्षांची सेवा लागते. कचेरीत बसून काम करणाऱ्याला ही अट जाचक वाटणार नाही. परंतु ज्याची उमेदीची पाच-सात वर्षे कंत्राटावर गेली आणि नंतर तो कायम झाला, किंवा ज्याला पडक्या भिंतीखाली पाय गमावल्यामुळे पंधराव्या वर्षी नोकरी सोडावी लागली, त्याने ही २५ वर्षे कोठून आणायची? अग्निशामकांसाठी या अटीचा वेगळा विचार व्हावा, कंत्राटावरची वर्षे सेवेत धरली जावीत आणि कामावर जायबंदी झालेल्याला पूर्ण सेवा झाल्याप्रमाणे निवृत्तिवेतन मिळावे, असे मला ठामपणे वाटते.

याहूनही दुर्लक्षित राहिलेला भाग आजारपणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. ज्या गोष्टींमुळे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा हाती आहे, त्यांचा हा गट. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात येतात. फुप्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्या बाबतीत हा पुरावा पुरेसा असल्याचे त्या संस्थेने म्हटले आहे. पूर्वी घरात लाकूड, सूत, कापूस जळत असे. आता फोम, प्लॅस्टिक, रेक्झिन, वायरींचे आवरण जळते, आणि त्यांची काजळी श्वासातूनच नव्हे, त्वचेतूनही शरीरात जाते. आगीतून परतल्यावर पोशाख वेगळा ठेवणे, तो विशिष्ट पद्धतीने धुणे, जवानाने लगेच आंघोळ करणे आणि तोवर वापरण्यासाठी पोशाखाचा दुसरा जोड हाताशी असणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी म्हणूनच जीव वाचवणाऱ्या आहेत. काकांच्या घरी काय होत असे ते मी स्वतः पाहिले आहे. धुराने माखलेला गणवेश ते घरी आणत आणि काकू तो मोरीतल्या दगडावर, मुलांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर घासत. चार बादल्या झाल्या तरी पाणी काळेच येते, असे त्या हसत सांगायच्या. आज काका बोलताना मध्येच थांबतात, खोकला ओसरू देतात आणि मग वाक्य पुरे करतात. त्यांचा खोकला त्या धुराचाच आहे असे कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही, आणि तेच लिहून आणा असे त्यांना सांगितले गेले होते.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये यावर कायद्याने उत्तर शोधले. ठरावीक वर्षे सेवा केलेल्या अग्निशामकाला ठरावीक प्रकारचा कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे; तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची. आजारी माणसाने कोणत्या रात्रीच्या कोणत्या आगीत कोणता वायू नाकात गेला याचे पुरावे गोळा करत फिरू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे. महाराष्ट्राने असा नियम करावा, आणि वार्षिक आरोग्य तपासणी निवृत्तीनंतरही चालू ठेवावी, कारण हे आजार पुष्कळदा गणवेश उतरवल्यावर कित्येक वर्षांनी डोके वर काढतात.

या मागण्या करायच्या कोणाकडे, हाही प्रश्नच आहे. पोलीस दल राज्याचे असते, पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याच्या कामांपैकी एक विषय आहे. परिणामी एकट्या पुणे परिसरात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका, छावणी मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) अशी वेगवेगळी दले आहेत. मोठ्या आगीत ती खांद्याला खांदा लावून काम करतात. मार्च २०२१ मध्ये लष्कर भागातील फॅशन स्ट्रीट ही कपड्यांची बाजारपेठ जळाली, तेव्हा तसेच झाले. ती आग विझवून पहाटे घरी निघालेले छावणी मंडळाच्या अग्निशमन दलाचे प्रमुख रस्ता अपघातात मृत्युमुखी पडले, हे पुणेकरांच्या स्मरणात असेल. रात्रभर आगीशी झुंजून परतणाऱ्या माणसाचा घरी पोहोचेपर्यंतचा प्रवास कर्तव्यातच धरला जावा आणि जवान कोणत्याही दलाचा, कायम असो वा कंत्राटी, त्याच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई सारखी असावी, यासाठी राज्य सरकारने एकच नियम करायला काय हरकत आहे? मुंबईत मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. तेव्हाही अशा चर्चा झाल्या होत्या.

पैशांची सबब सांगितली जाईल याची मला कल्पना आहे. परंतु बांधकामांना परवानगी देताना अग्निशमन शुल्क घेतले जाते, आणि पुण्यात बांधकामे थोडी होत नाहीत. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली, इमारती उंच होत गेल्या, आणि रिक्त पदांच्या बातम्या मात्र आपल्या पानांवर वर्षानुवर्षे त्याच राहिल्या. माणसे कमी पडली की असलेल्यांच्या पाळ्या लांबतात, सुट्ट्या रद्द होतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी लागलेल्या आगी, विसर्जनाचे घाट, पावसाळ्यातली झाडपडी, मांजात अडकलेली घार, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाण्यात अडकलेली कुटुंबे, या साऱ्यांसाठी आपण त्याच मोजक्या माणसांना हाक मारतो.

आमच्या वाट्याचे कामही आहेच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी आपली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. किती सोसायट्या ते देतात, हे प्रत्येकाने आपल्या सचिवांना विचारून पाहावे. आमच्या इमारतीने आगीनंतर मीटरजवळची दुचाकींची जागा कायमची मोकळी केली, आणि गल्लीत एकाच बाजूला गाड्या लावण्याचे शेजारच्या सात इमारतींनी मिळून ठरवले. पहिल्या महिन्यात वाद झाले, आता होत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. या सप्ताहात समारंभाच्या छायाचित्राबरोबर पुणे परिसरातील प्रत्येक दलाची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी जवान किती, त्यांचा विमा किती रकमेचा, प्रत्येक जवानामागे संरक्षक पोशाखाचे जोड किती आणि गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेल्यांपैकी किती जणांचे निवृत्तिवेतन अद्याप अडकले आहे, एवढी माहिती संबंधित कार्यालयांकडून मिळवून छापावी. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला तीच माहिती पुन्हा मागवून शेजारी शेजारी छापता आली, तर फारच उत्तम.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
शुक्रवार पेठ, पुणे २