पुस्तकात वेतोबा, डब्यात भोपळा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बालसाहित्य व हस्तकला विभाग

विषय : भुतांच्या चित्रकादंबरीसोबतचा सावलीच्या बाहुल्यांचा संच पुस्तकाशी न जुळणारा असणे, तसेच त्यातील दिवा लहान मुलांसाठी धोकादायक असणे

महोदय/महोदया,

कोकणातल्या भुतांवरची आपली चित्रकादंबरी आणि 'तिच्यावर आधारित' सावलीच्या बाहुल्यांचा संच, अशी जोडी मी आपल्या संकेतस्थळावरून नऊ वर्षांच्या मुलीसाठी मागवली. दोन्ही मिळून १,१९९ रुपये भरले. पुस्तकाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. हे आधी लिहायचं कारण म्हणजे मी संचाबद्दल लिहिल्यावर आपल्या ग्राहक सेवेकडून "पुस्तक परत पाठवा, पैसे देऊ" असं उत्तर आलं. पुस्तक परत मिळणार नाही. मुलगी ते उशाशी घेऊन झोपते.

पुस्तक छान घाबरवतं. आरवली गावचा ग्रामदेव वेतोबा, म्हणजे वेताळच, त्याला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणांचे तळ झिजतात, अशी तिथली श्रद्धा. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे हे सगळं मी लहानपणीच ऐकलेलं. आपल्या चित्रकाराने वेतोबा कुठेच काढलेला नाही. एका पानावर कोऱ्या वहाणा, मग पानभर काळी चौकट, आणि पान उलटलं की त्याच वहाणा टाचेला झिजलेल्या. संवाद एकही नाही. मुलगी त्या काळ्या पानावर बोट ठेवून बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "आई, तो इथून गेला ना?" पुढचा पिंपळावरचा मुंजा आणि वाट चुकवणारा चकवाही असेच अर्धे दाखवलेले. हे ज्याने केलं त्याला माझा नमस्कार कळवा.

आता संच. डब्याच्या झाकणावर पुस्तकातलीच चित्रं आहेत. झाकण काढलं तर कापायच्या तक्त्यावर काय? झाडूवर बसलेली टोकदार टोपीची चेटकीण, वटवाघूळ, दात विचकणारा भोपळा आणि झगा घातलेला, सुळे काढलेला एक गृहस्थ. त्या गृहस्थाच्या खाली 'वेताळ' असं छापलं आहे. वहाणा नाहीत, पिंपळ नाही, मुंजा नाही. ही सगळी हॅलोविनची मंडळी आहेत आणि ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत ती शोभतातही. पण आमच्याकडे लाल भोपळ्याचे घारगे करतात, त्याला भिऊन कोणी पांघरुणात शिरत नाही. संच भरणाऱ्याने पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कुठल्या तरी मालाचे तक्ते डब्यात भरून वर नवं झाकण लावलं असावं. तसं नसेल तर आपण तसं लेखी कळवावं.

त्याच झाकणावर 'पिंगुळीच्या परंपरेतून' अशी ओळ आहे, तिचा मला जास्त राग आला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री आणि सावलीच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या माहितीपत्रकात पिंगुळी कुठे आहे, ठाकर कोण, ते कुठल्या कथा सांगतात, यातलं एक अक्षर नाही. नाव मात्र विक्रीला वापरलं. शिवाय चामड्याच्या बाहुलीला बारीक छिद्रं पाडलेली असतात. त्यातून उजेड येतो म्हणून पडद्यावर दागिने, डोळे, वस्त्राची किनार उमटते. आपण दिलेला पुठ्ठा जाडजूड आणि ठार काळा. मुलांच्या कात्रीने तो कापला जात नाही, मलाच कापून द्यावा लागला. छिद्रं पाडायला संचात काहीही नाही. सांधे जोडायच्या पिना आहेत, पण पुठ्ठ्याला भोकं नाहीत. पडदा म्हणून चकचकीत प्लास्टिकचा तुकडा दिला आहे. त्याच्यावर दिव्याचं प्रतिबिंबच जास्त चमकतं. शेवटी वाण्याकडून आणलेला बटर पेपर चौकटीला चिकटवला.

तरीही सावली पडेना. दिव्यावर दुधी रंगाची गोल टोपी आहे आणि उजेड त्या सगळ्या टोपीतून पसरतो. उजेडाचा उगम जितका लहान, तितकी सावलीची कड रेखीव. इथे उगमच लिंबाएवढा, त्यामुळे बाहुली पडद्यापासून जराशी मागे नेली की तिचा नुसता करडा डाग होतो. मोबाइलची बॅटरी लावली तर तीच बाहुली लख्ख दिसली, कारण तो उजेड एका ठिपक्यातून येतो. म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरांत 'मोबाइलला सुट्टी देणारा खेळ' आणि खेळ चालतो फक्त मोबाइलवर! एवढी साधी चाचणी आपल्याकडे एका अंधाऱ्या खोलीत कोणी केली असती तर हे पत्र निम्मं झालं असतं.

इथवरचं सगळं मी एक वेळ सोडूनही दिलं असतं. पुढचं सोडणार नाही. या दिव्यात बटणाच्या आकाराचे सेल आहेत आणि त्यांच्या खणाला स्क्रू नाही. झाकण नखाने उघडतं. माझ्या तीन वर्षांच्या मुलाने ते उघडलं आणि एक सेल मी त्याच्या मुठीतून काढून घेतला. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते डब्यावर नाही, दिव्यावर नाही, माहितीपत्रकावरही नाही. सेलबाबत इशाऱ्याची एक ओळसुद्धा नाही.

यावर आपल्या ग्राहक सेवेने आधी डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला. वाढदिवसाची भेट उघडताना मी मुलीचा चेहरा बघत होते, डब्याचं चित्रण करत नव्हते. मग "हस्तकलेचा परिणाम वापरणाऱ्याच्या कौशल्यानुसार बदलू शकतो" असं उत्तर आलं. खणाला स्क्रू नसण्यात नऊ वर्षांच्या मुलीचं कौशल्य कुठे आलं, ते कृपया समजावून सांगावं.

माझ्या मागण्या अशा. संचाचे पैसे परत द्यावेत आणि पुस्तकाला हात लावू नये. दिव्याची विक्री ताबडतोब थांबवावी आणि ज्यांनी आधीच घेतला आहे त्या सर्वांना सेलबद्दल कळवावं. ही मागणी पैशांच्या आधीची समजा. आपल्याच चित्रकाराकडून वहाणा, पिंपळ आणि मुंजा यांचे तक्ते काढून घेऊन ते घरी छापता येतील असे संकेतस्थळावर ठेवावेत, यात आपला फार खर्च नाही. आणि पिंगुळीचं नाव ठेवायचं असेल तर तिथल्या कलावंतांना विचारून, मोबदला देऊन ठेवावं. नाहीतर काढून टाकावं.

ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खरेदीची पावती, तक्त्याचे आणि उघड्या खणाचे फोटो, तसंच आपल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दिवा सेल काढून कपाटात कुलपात ठेवला आहे. तो न्यायला माणूस पाठवावा, टपालखर्च मी करणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन ऑर्डरच्या नोंदीत आहेत)