काळ्या काचेआडचा मोबाईल : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्यांवरील कारवाई आणि काचांवरील काळी फिल्म.

महोदय,

मी पुण्यात गेली 22 वर्षे स्कूटर चालवतो. गर्दीतून धडपणे घरी पोहोचायचे असेल, तर दुचाकीवाल्याला शेजारच्या मोटारीच्या इंडिकेटरआधी तिच्या चालकाची मान कुठे वळली आहे ते पाहावे लागते, आणि त्याने आपल्याला पाहिले अशी खात्री पटली की मगच पुढे सरकता येते. काचेवर काळी फिल्म असली की तेवढाही आधार उरत नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी एका सिग्नलला हिरवा दिवा लागूनही पुढची मोटार हलेना. आतून काचेवर निळसर उजेड हलताना दिसत होता, पण माणूस दिसत नव्हता. वाहतूक हवालदार आले, त्यांनी ई-चलनाच्या यंत्रावर फोटो काढला आणि बोटाच्या पेराने काचेवर टकटक केली. काच खाली येईपर्यंत मोबाईल मांडीखाली गेलेला होता. फोटो त्यांनी मला दाखवला : त्यात त्यांची स्वतःची टोपी होती, सिग्नलचा खांब होता, माझी स्कूटरही होती, चालक मात्र नव्हता. अखेर चलन झाले ते फिल्मचे, आणि मोटार त्याच फिल्मसकट निघून गेली.

या प्रसंगात कोणी कामचुकारपणा केला असे मला म्हणायचे नाही. घोटाळा दंडाच्या हिशेबात आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली, गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरल्यास पहिल्याच गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काचेचा गुन्हा सहसा कलम 177 मध्ये बसवला जातो, आणि तेथे पहिल्या वेळी 500 रुपयांवर व पुढे 1500 रुपयांवर दंड जात नाही. म्हणजे मोठा गुन्हा झाकणारा आडोसा पाचशे रुपयांत मिळतो, आणि तोही काढून न घेता!

सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना काचांवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली होती, आणि नुसते चलन न करता फिल्म तेथल्या तेथे काढून टाकावी असेही बजावले होते. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील काचांविषयीच्या नियम 100 ची भाषा बदलली, आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असा अर्थ लावला. ही मर्यादा आजही पुढच्या-मागच्या काचेला किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांना किमान 50 टक्के अशीच आहे. फिल्मला सरसकट बंदी मानली तर नजर पुरते; पण मर्यादेचा प्रश्न आला की मोजावेच लागते, कारण चालक ‘माझी फिल्म नियमातलीच आहे’ असे म्हणाला, तर हवालदाराकडे त्यावर उत्तर हवे.

दुकानात ‘पन्नास टक्क्यांची आहे, चालते’ असे सांगून फिल्म विकली जाते. ते गणिताच्या दृष्टीनेही खोटे आहे. मूळ काच 70 टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म चढवली, तर आत 35 टक्केच उजेड पोहोचतो. काचेवर टेकवून आकडा दाखवणारे मीटर हाताच्या पंजात मावते. ते प्रत्येक मोठ्या चौकातील पथकाकडे असावे, त्याचा आकडा चलनावर छापला जावा, आणि मर्यादेखाली भरणारी फिल्म त्याच जागी, चालकाच्याच हाताने, उतरवली जावी. मोबाईल पकडण्याची धडपड त्यानंतरची. आधी काच मोकळी झाली पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेरेही पुढच्या काचेतूनच पाहतात, आणि अलीकडे तीही रंगीत करून घेण्याची टूम निघाली आहे.

उन्हाचे कारण सांगितले जाते. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना पाहिलेल्या माणसाशी त्यावर वाद घालणे बरे नव्हे. परंतु 50 टक्क्यांची सवलत त्यासाठीच आहे, आणि ऊन अडवणाऱ्या काचा नियमात बसवून मिळतात. रात्री नऊ वाजताही काळी राहणारी काच उन्हासाठी नसते.

खाजगी मोटार एकदा नोंदली की 15 वर्षे मोटार वाहन निरीक्षकासमोर क्वचितच उभी राहते. पीयूसीसाठी मात्र ती ठरावीक मुदतीने येते. तेथे काचेचा आकडाही नोंदवता येईल का, हे आपल्या खात्याने तपासावे. चौकातले पोलीस गृह खात्याचे आहेत, याची मला कल्पना आहे. म्हणूनच हा विषय दोन खात्यांनी एकत्र बसून सोडवावा अशी विनंती आहे.

आणखी एक. ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लावलेल्या काळ्या काचांच्या मोटारी रोज दिसतात. झेड आणि झेड प्लस सुरक्षेखालील वाहने वगळता ही मुभा कोणालाही नाही. पहिले मीटर मंत्रालयाच्या वाहनतळावर लागले, तर चौकातल्या हवालदाराला पुढच्या मोटारीच्या काचेवर टकटक करताना कचरावे लागणार नाही.

कळावे,

आपला,
एक दुचाकीस्वार, पुणे