वकीलकाकांच्या नातवाला मी हो म्हटलंय

प्रिय आई, बाबा,

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई मी नीट झोपते का यावर येते. म्हणून लिहून पाठवतेय.

आधी मुद्द्याचं. येत्या सोमवारपासून वकीलकाकांचा नातू आठवड्यातून दोनदा सकाळी आपल्याकडे येईल. तो रोज पळायला जातोच. परत जाताना खालून पेपर घेऊन वर येईल, थोडा वेळ बसेल, जाईल. मी त्याला हो म्हटलंय. तुम्हाला न विचारता म्हटलंय, कारण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते आपल्या तिघांनाही पाठ आहे.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका. पुढचं वाचा.

बुधवारी संध्याकाळी मी फोन का उचलत नाही, असं आई दर वेळी विचारते. बुधवारी आमचा पळायचा गट असतो. गुडजिम नावाची इथे ब्रिटनमध्ये संस्था आहे, तिच्या कल्पनेवर चालणारा. सगळे एका ठिकाणी जमतात, अडीच-तीन किलोमीटर पळत कुठेतरी पोचतात, तिथे अर्धा-पाऊण तास अंगमेहनतीचं काम करतात आणि पळतच परत येतात. सध्या आमचं काम एका चर्चच्या बागेत आहे. चर्च म्हटल्यावर बाबांचा "हं" जरा लांबला होता, तो माझ्या लक्षात आला. काळजी नको. आम्हाला कोणी प्रार्थनेला बसवत नाही. पाद्रीबाई स्वतः रबरी बूट घालून चिखलात उभ्या असतात आणि त्यांचा उपदेश एवढाच, की फावडी धुतल्याशिवाय परत ठेवू नका.

बाग म्हणजे चर्चमागची जुनी पडीक जागा. तिथे आता वस्तीतल्या कोणालाही भाजी-फुलं लावता येतात. खुर्चीवर बसून हात पोचावा म्हणून काही वाफे लाकडी चौकटीत उंच बांधलेत, कारण बाग चालवणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. बी पेरणं, पाणी घालणं, रोपांशी बोलणं ते करतात. जड कामं त्यांना होत नाहीत, ती आमच्या वाट्याला येतात. एकदा लाकडाच्या ढलप्यांचा ढीग फाटकापाशी येऊन पडला होता. पायवाटांवर पसरायच्या होत्या, म्हणजे पावसाळी दिवसांत कोणी घसरून पडणार नाही. त्या लोकांना आठवडे लागले असते. आम्ही वीसेक जण, चार ढकलगाड्या, आणि अंधार पडायच्या आत फाटक मोकळं! आई, तुला फार आवडलं असतं ते बघायला.

तण मात्र संपत नाही. बाइंडवीड नावाची एक वेल आहे, तिच्या मुळाचा तुकडा मातीत राहिला तरी तेवढ्यातून नवी वेल उगवते. त्यामुळे ओढून उपटायचं नाही, काट्याने माती सैल करून मूळ अख्खं काढायचं. कुंपण मार्च ते ऑगस्ट छाटत नाहीत, त्यात पक्ष्यांची घरटी असतात. पालापाचोळ्याच्या ढिगात काटा खुपसण्याआधी आत साळूसारखा छोटा हेजहॉग झोपलेला नाही ना, ते बघायचं. कोपऱ्यात यू नावाचं प्रचंड झाड आहे. इथल्या चर्चच्या आवारांत या जातीची काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. पानं आणि बिया विषारी, म्हणून हात साबणाने धुते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, हातमोजे जाड आहेत. हिवाळ्यात इथे चारलाच अंधार होतो, तेव्हा कपाळावर दिवा आणि अंगात चमकणारं जाकीट असतं. पुढे एक जण वाट दाखवतो आणि सगळ्यात शेवटी एक जण मुद्दाम हळू पळतो, म्हणजे मागे कोणी एकटं राहत नाही. बहुतेक वेळा त्याच्या जोडीला मीच असते. शाळेच्या शर्यतीत मी शेवटून पहिली आले तेव्हा बाबा मैदानाबाहेरून माझ्याबरोबर पळत होते, तसंच काहीसं.

आता वकीलकाकांच्या नातवाचं. गुडजिम सुरू करणारा आयव्हो गॉर्मली. त्याला जिममध्ये यंत्रांवर ताकद वाया घालवणं पटत नव्हतं. मग तो पूर्व लंडनमध्ये, घराबाहेर पडू न शकणाऱ्या एका ओळखीच्या आजोबांकडे पळत पेपर पोचवायला लागला. संस्थेची कल्पना तिथून निघाली. पुढे अशा आजी-आजोबांना त्यांनी नाव दिलं 'कोच'. ते वाट बघत बसलेले असतात म्हणून पळणाऱ्याला थंडीपावसात अंथरुणातून उठावंच लागतं. एकट्याने ठरवलं असतं तर त्याने केव्हाच गजर बंद केला असता.

तर बाबा, तो मुलगा तुम्हाला मदत करायला येत नाहीये. त्याला अर्धमॅरेथॉन पळायची आहे आणि त्याच्या आजोबांच्या म्हणण्यानुसार तो आरंभशूर आहे. तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिस्त लावलीत, अजून एकाला लावा. उशिरा आला तर खुशाल बोला.

आणि हो, जिन्यातल्या त्या प्रकारानंतर मला नीट झोप लागत नाही, हेही खरंच आहे. बाबा पडल्याचं मला चार दिवसांनी कळलं, तेही मावशीकडून. तुम्ही काळजीपोटीच लपवलंत, रागावले नाहीये. दादाच्या वेळीही तुम्ही असंच केलं होतं. पण इथे मी परक्यांच्या पायवाटेवर ढलप्या टाकते, आणि आईच्या कुंड्या उचलायला घरात कोणी नाही. इथल्या नोकरीचा करार वाढवला तो फक्त पैशासाठी नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते पाठांतर वाटतं. तुम्ही कधी एका शब्दाने अडवलं नाहीत. अडवलं असतंत तर भांडता तरी आलं असतं.

बरं, आता सूचना. बाथरूममध्ये पकडायचा दांडा याच आठवड्यात बसवून घ्या, पैसे मी दिलेत. जिन्यातला दिवा रात्रभर चालू राहू दे, बिलाचा हिशोब करू नका. पलंगापाशी ती घडी पडणारी सतरंजी आहे ना, ती उचला. बाबा, आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचंच आहे, पण पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम हवेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. भरभक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. घाई नको, आणि आई शेजारी असताना. आई, तू नुसती मोजू नकोस, तूही कर. तुझे गुडघे काही बाबांहून तरुण नाहीत.

त्या मुलाला "कशाला रे त्रास घेतोस" असं म्हणू नका, तो लगेच यायचा बंद होईल. पाकीट तर अजिबात देऊ नका. काही द्यायचंच असेल तर आई, त्याला तुझ्या कुंड्यांपैकी जड असेल ती उचलायला दे.

सोमवारी सातच्या सुमारास येईल. बेल एकदाच वाजवून थांब, असं मी त्याला सांगून ठेवलंय. तेव्हा दार उघडायला धावू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, त्याचे बूट चिखलाने भरलेले असतील. दारात काढायला सांग, पण पहिल्याच दिवशी तो चेहरा करू नकोस.