प्रोजेक्टरच्या जाहिरातीत खरे लुमेन छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की तोरणे, कंदील आणि एलईडी माळांच्या जाहिरातींच्या शेजारी आता छोट्या प्रोजेक्टरच्या जाहिरातीही झळकू लागतात. पाच-सात हजारांत ‘9000 लुमेन’ (लुमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप), ‘फुल एचडी सपोर्ट’, ‘200 इंची पडदा’. ते वाचून सोसायट्यांच्या रोषणाई समित्या यंत्र मागवतात, समोरच्या इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर पणत्यांची चित्रफीत सोडायची ठरवतात आणि वसुबारसेच्या संध्याकाळी भिंतीवर फिकट राखाडी चौकोनापलीकडे काही दिसत नाही. मग वर्गणीच्या पैशांवरून वाद होतात आणि प्रोजेक्टर क्लबहाउसच्या कपाटात जातो. यात यंत्राचा दोष थोडा आहे, फसव्या आकड्याचा मोठा.

खरा आकडा अ‍ॅन्सी लुमेनचा. पडद्यावर प्रत्यक्ष पोहोचलेला प्रकाश ठरावीक पद्धतीने मोजून तो काढतात. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमध्ये तो साधारण 100 ते 400 असतो, जाहिरातीत काहीही छापलेले असो. ऑफिसात वापरतात तो जुन्या पद्धतीचा, दिवा असलेला प्रोजेक्टर बहुधा 3000 च्या आसपास असतो. हिशेब सोपा आहे: लुमेनला चित्राच्या चौरस फुटांनी भागा आणि पावणेअकराने गुणा, म्हणजे लक्स, अर्थात भिंतीवर पडणाऱ्या उजेडाचे माप, मिळते. 200 लुमेनचे यंत्र 20 बाय 15 फुटांच्या भिंतीवर लावले तर जेमतेम 7 लक्स पडतात. मोठ्या रस्त्यावरचे दिवे रस्त्यावर 15 ते 30 लक्स टाकतात, म्हणजे तुमच्या चित्रापेक्षा फुटपाथ उजळ. तेच यंत्र 4 बाय 3 फुटांवर आणले की जवळजवळ 180 लक्स मिळतात आणि चित्र एकदम जिवंत होते. अंतर दुप्पट केले की उजेड पाव होतो, हे समितीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ज्यांचे बजेट दहा हजारांच्या आत आहे त्यांनी भिंतीचा नाद सोडावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

छोट्या यंत्राला सर्वांत शोभणारी जागा म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. एक इंची लाकडी पट्ट्यांची 4 बाय 3 फुटांची चौकट करा, त्यावर ट्रेसिंग पेपर किंवा धुतलेले पांढरे मलमल ताणून बसवा आणि ती कठड्याला आतून उभी बांधा. प्रोजेक्टर मागे, घरात. बहुतेक यंत्रांचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) दीडच्या जवळपास असतो, म्हणजे 4 फूट रुंद चित्रासाठी 6 फूट मागे जावे लागते. गॅलरी आणि दार मिळून तेवढी जागा सहसा निघते. मेनूमध्ये ‘रिअर’ निवडायला विसरू नका, नाहीतर ‘शुभ दीपावली’ बाहेरून उलटे दिसेल. चौकटीवर काळा कार्डपेपर लावून त्यात आकाशकंदिलाचा अष्टकोन कापा आणि खाली खऱ्या कागदाच्या झिरमिळ्या चिकटवा. आत ज्योत हलते, खाली झिरमिळ्या वाऱ्यावर हलतात, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला कंदिलातच कोणी पणती लावली आहे असे वाटते. कंदिलाचा कागद आतून उजळतो म्हणून आपल्याला आवडतो. हा त्याचाच विस्तार आहे.

मलमल फार पातळ असेल तर त्यातून लेन्सचा डोळे दिपवणारा ठिपका दिसतो. कापड दुहेरी करून भागत नाही, कारण चित्र मऊ पडते. उपाय असा: पाहणारा खाली रस्त्यावर असतो, म्हणून यंत्र चौकटीच्या मध्यापेक्षा खाली, जवळजवळ जमिनीलगत ठेवा. मग लेन्सकडून निघालेली सरळ रेषा लोकांच्या डोक्यावरून आकाशात जाते. ट्रेसिंग पेपरला हा त्रास कमी, पण दवाने तो रात्रीतून फुगतो आणि सकाळी त्यावर लाटा दिसतात. चार रात्रींसाठी दोन कागद हाताशी ठेवा.

दुसरी जागा मुलांच्या किल्ल्याची. 100 लुमेनचे खेळण्यातले यंत्रही इथे कामाचे ठरते. पण ओली माती आणि उगवलेले अळीव-मोहरी प्रकाश गिळून टाकतात, त्यांच्यावर काहीच उमटत नाही. म्हणून चित्र किल्ल्यावर टाकू नका, किल्ल्यात पांढऱ्या जागा तयार करा. बुरुजांना चुन्याचा हात द्या, कड्यावरून धबधब्यासाठी चार बोटे रुंद पांढऱ्या कापडाची पट्टी सोडा, मागे आभाळासाठी फिकट राखाडी पुठ्ठा उभा करा. मग पट्टीवर पाणी पडते, पुठ्ठ्यावर चंद्र वर येतो, तटावरून मशालींची रांग सरकते. यंत्र समोर, पण माणसाच्या डोक्यापेक्षा वर बांधा, म्हणजे पाहायला आलेल्यांच्या सावल्या गडावर पडत नाहीत आणि वाकून पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत झोतही जात नाही.

भिंतच हवी असेल तर जुना ऑफिस प्रोजेक्टर घ्या किंवा चार दिवस भाड्याने आणा. 3000 लुमेन 10 बाय साडेसात फुटांवर टाकले की 430 लक्स मिळतात, आणि यंत्र 15 फुटांवर ठेवावे लागते. वापरलेले यंत्र घेताना पूर्ण काळी पाटी लावून धुळीचे धूसर डाग पाहा, पूर्ण पांढरी लावून पिवळे पट्टे पाहा. पडद्यावर चांदण्यासारखे असंख्य पांढरे ठिपके दिसले तर डीएलपी चिप (चित्र घडवणारी बारीक आरशांची चिप) गेली आहे, यंत्र परत करा. मेनूत दिव्याचे तास बघा आणि दुकानातच अर्धा तास चालवून बघा. गरम होऊन बंद पडणारे यंत्र पहिल्या पाच मिनिटांत सहसा बंद पडत नाही. एचडीएमआय नसेल तर व्हीजीएच्या कन्व्हर्टरचा खर्च धरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत या वायरी, पंखे, कन्व्हर्टर सहज मिळतात.

भिंत पांढरी आणि मॅट हवी. ऑइलपेंटवर मधोमध चकाकी येते, काळ्या दगडावर काही दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूचा अंधार. चित्राच्या कडेपासून निदान तीन फूट माळा काढा, त्या दिशेचे फोकस बंद करा. पालिकेच्या दिव्याला हात लावू नका, त्याच्या सावलीतली भिंत निवडा. रोषणाई कमी केली म्हणून कोणी कुरकुर केली तर एकदा माळा बंद करून दाखवा, पटते.

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. ‘काळे’ म्हणजे थोडासा राखाडी उजेडच. म्हणून चित्राभोवती फिकट चौकोन दिसतो आणि साऱ्या मेहनतीवर पाणी पडते. लेन्ससमोर चार-सहा इंचांवर काळ्या पुठ्ठ्याची खिडकी कापून ठेवली की तो चौकोन नाहीसा होतो, कडाही आपोआप मऊ होतात. पुठ्ठा लेन्सला किंवा गरम हवेच्या जाळीला चिकटवू नका. चित्रफितीची पार्श्वभूमी नेहमी काळी ठेवा: ठिपका-ठिपका जोडत उमटणारी रांगोळी, वरून पडणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या, पणत्यांची ओळ. उजळ रेषा, संथ हालचाल. मराठी अक्षरे जाड ठेवा. रुंदीला 1024 बिंदू असलेले चित्र 10 फूट रुंद पसरले की एकेक बिंदू 3 मिलिमीटरचा होतो, बारीक अक्षरांत वेलांटी-मात्रा विरघळतात. ‘फुल एचडी सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तसली फाइल घेते, एवढाच. आतली चित्र घडवणारी काच पुष्कळदा 800 बाय 480 बिंदूंची असते, म्हणून ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन, म्हणजे त्या काचेचे खरे बिंदू, विचारा.

भिंतीत खिडक्या असतील तर तिथला उजेड लोकांच्या बेडरूममध्ये जातो. त्या झाकायची पद्धत अशी: यंत्र कायम जागी बसवा, लॅपटॉपवर साधा चित्रकलेचा प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर उघडा, भिंतीकडे पाहत माऊसचा बाण खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर नेऊन खुणा करा आणि तो भाग काळा भरा. हे काळे ठिगळ शॉटकट किंवा ओबीएस या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्रफितीवर ठेवले की काम झाले. मात्र यंत्र एका अंशाने जरी हलले तरी 15 फुटांवर चित्र तीन इंच सरकते आणि सगळी मापे चुकतात. म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रोजेक्टर ठेवू नये, फळीवर स्क्रूने आवळावा. तिरके पडलेले चित्र सरळ करणारे कीस्टोनचे बटण शेवटचा उपाय, त्याने बिंदूही जातात आणि उजेडही. फोकस वीस मिनिटे यंत्र तापल्यावर लावा. प्लास्टिकची लेन्स तापली की फोकस सरकतो.

आता पेटीबद्दल. आश्विन-कार्तिकात परतीचा पाऊस अचानक येतो, रात्री दव पडते, फटाक्यांचा धूर आणि रांगोळीची पूड हवेत असते. प्रोजेक्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, दहा मिनिटांत तो गुदमरतो. प्लायवूडची पेटी करा, यंत्राभोवती सगळीकडून चार इंच मोकळे सोडा. थंड हवेचे भोक एका बाजूला खाली, गरम हवेचे दुसऱ्या बाजूला वर. गरम बाजूला 120 मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकणारा, दोन्ही भोकांना मच्छरदाणीची जाळी, कारण पाखरे उजेडाला धावतात. यंत्र ज्या बाजूने हवा सोडते तिकडेच पेटीचे बाहेर जाणारे भोक ठेवा, उलटे झाले तर तीच गरम हवा आत फिरत राहते. समोर 4 मिलिमीटरची साधी काच, थोडी तिरकी, म्हणजे तिच्यातले प्रतिबिंब परत लेन्समध्ये जात नाही. छताला उतार द्या. प्लाय, काच, पंखा धरून दीड-दोन हजारांत हे होते. स्वस्त यंत्रांत बाहेरची हवा थेट आतल्या काचेवरून जाते, म्हणून दोन रात्रींच्या फटाक्यांनंतर चित्रात काळसर ढग दिसू लागतात. ते बाहेरून पुसता येत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतषबाजीच्या तासात यंत्र बंद ठेवणे हाच इलाज. तसेही त्या धुरात झोतच दिसतो, चित्र नाही.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. तीन पिनांची अर्थिंग असलेली 1.5 चौरस मिमी केबल आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. जोड जमिनीपासून हातभर वर, आणि पेटीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. रस्त्याच्या खांबावरून जोडणी घेऊ नका. मंडळांना महावितरण तात्पुरती अधिकृत जोडणी देते. दिव्याचा प्रोजेक्टर टायमरने एकदम बंद करू नका, बटण दाबून पंखा थांबेपर्यंत वाट पाहा. त्या दिव्यात पारा असतो, फुटला तर माणसे बाजूला करून जागा हवेशीर होऊ द्या.

चित्रफीत पेनड्राइव्हवर एमपी4 मध्ये ठेवा. काही यंत्रे फीत संपली की निळी पाटी दाखवतात, म्हणून तीच फीत पुन्हा पुन्हा जोडून तासाभराची फाइल करा आणि सिग्नल नसतानाची पाटी मेनूतून काळी करा. लॅपटॉप लावणार असाल तर स्लीप, स्क्रीनसेव्हर आणि नोटिफिकेशन बंद. प्लेअर यंत्राजवळच ठेवा, लांब जाईल ती फक्त विजेची वायर. आवाज रात्री 10 ला बंद.

आपल्याकडे एकच मागणी आहे. प्रोजेक्टरची जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराकडून दोन आकडे अवश्य छापून घ्यावेत: अ‍ॅन्सी लुमेन आणि नेटिव्ह रिझोल्यूशन. खरेदीविषयक पुरवणीत यंत्रांची तुलना छापताना याच दोन रकाने ठेवावेत, ‘9000’ चा रकाना काढून टाकावा. धनत्रयोदशीच्या आधी पंधरा दिवस हे झाले तर चौकट बांधायला आणि एका रात्रीची तालीम घ्यायला समित्यांना पुरेसा वेळ मिळेल.

आपले,
रोषणाईचे काम करणारे काही वाचक, पुणे